टेक : इंग्रजी क्रियापद

‘घेणे’ हा मध्यवर्ती अर्थ असलेले, रोजच्या वापरातील इंग्रजी क्रियापद. रूपे : टेक, टुक, टेकन. हा शब्द मूळचा इंग्रजी नाही. प्राचीन नॉर्स या स्कँडिनेव्हियातील जुन्या भाषेतील ‘ताका’वरून तो आला, याविषयी अभ्यासकांत सहसा दुमत नाही.

865 मध्ये ही भाषा बोलणाऱ्या डेन (डेन्मार्ककडच्या) लोकांचे मोठे सैन्य इंग्लंडमध्ये उतरले आणि पुढे उत्तर व पूर्व भागांत त्यांची कायमची वस्ती झाली. लेखी इंग्रजीत मात्र हा शब्द अकराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागतो. बोलण्यात तो त्याआधीच रुळला असावा. त्यापूर्वी या अर्थी ‘निमन’ हे क्रियापद होते. जर्मन ‘नेमेन’ त्याचेच भावंड. दक्षिणेकडे ‘निमन’ बराच काळ टिकले. पुढे ‘निम’चा अर्थ चोरांच्या बोलीत ‘लांबवणे’ एवढाच उरला. शेक्सपिअरच्या नाटकातील निम हे भुरटे पात्र त्या अर्थाला साजेसे आहे. ‘नम’ (बधिर) आणि ‘निंबल’ (चपळ) हे शब्द त्याच घराण्यातले. परकी नामे कोणतीही भाषा सहज उचलते. इतके मूलभूत क्रियापद बदलणे विरळाच. इंग्रजी व नॉर्स या दोन्ही भाषा एकमेकींच्या निकटच्या असल्यामुळे हे घडले असावे.

‘ताका’ची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. गॉथिक या लुप्त जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, नॉर्स यांच्या कुळातील) भाषेतील ‘तेकान’चा अर्थ ‘स्पर्श करणे’ असा असल्याने तोच जुना अर्थ मानण्याकडे कल दिसतो. लॅटिन ‘तांगेरे’शी (स्पर्श करणे) जोडण्याचा मोह होतो, पण ग्रिमच्या नियमानुसार (जर्मानिक भाषांतील व्यंजनबदलांचा नियम) लॅटिनमधील आद्य ‘त’च्या जागी जर्मानिक भाषांत ‘थ’ अपेक्षित असतो, ‘त’ नव्हे. त्यामुळे हा संबंध मान्य करणे कठीण जाते. तोखारी या मध्य आशियातील लुप्त इंडो-युरोपीय भाषेतील ‘स्पर्श करणे’ या अर्थाच्या धातूशी केलेली तुलना ध्वनिदृष्ट्या अधिक समाधानकारक वाटते.

समानार्थी शब्दांपैकी ‘सीझ’ फ्रेंचमधून आला. त्यात बळजबरी किंवा कायद्याची जप्ती आहे. ‘रिसीव्ह’मध्ये वस्तू आपोआप हाती येते, ‘अ‍ॅक्सेप्ट’मध्ये घेणाऱ्याची संमती असते, तर ‘टेक’मध्ये हात पुढे करणारा कर्ताच असतो. ‘ब्रिंग’शी फरक दिशेचा : बोलणाऱ्याकडे आणणे ते ‘ब्रिंग’, त्याच्यापासून दूर नेणे ते ‘टेक’.

मराठीत या एका क्रियापदासाठी अनेक क्रियापदे लागतात. औषध ‘घेतात’, पण फोटो ‘काढतात’, ताप ‘मोजतात’ आणि वेळ ‘लागतो’. परीक्षेच्या बाबतीत तर दिशाच उलटते : इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो, मराठीत तो ती देतो आणि घेतात ते शिक्षक.

शब्दयोगी अव्ययांच्या जोडीने अर्थ आणखी फाकतात. ‘टेक ऑफ’ म्हणजे कपडे उतरवणे, तसेच विमानाचे उड्डाण. ‘टेक आफ्टर’ म्हणजे आईवडिलांच्या वळणावर जाणे. ‘टेक इन’ म्हणजे आसरा देणे, कपडा आत घेऊन घट्ट करणे किंवा फसवणे.