मिरचीच्या रोपांची लावण

मिरचीची लावण म्हणजे गादीवाफ्यावर (उंच केलेल्या वाफ्यावर) किंवा प्रो-ट्रेत (कप्प्याकप्प्यांच्या प्लास्टिक ट्रेत) वाढवलेलं रोप उचलून शेतात लावणं. बी उगवायलाच 8-10 दिवस घेतं, त्यात संकरित बियाणं महाग, त्यामुळे बागायतीत थेट पेरणी फारसं कोणी करत नाही. महाराष्ट्रात नंदुरबार आणि नागपूर जिल्ह्यातलं भिवापूर मिरचीसाठी नावाजलेले.

खरा कस पहिल्या आठवड्यात लागतो. रोप उपटलं की केसासारखी बारीक मुळं तुटतात, पानं मात्र उन्हात पाणी उडवतच राहतात, मग दुपारी रोप मान टाकतं. संध्याकाळी सावरलं तर काळजी नाही, सकाळीही तसंच पडलेलं दिसलं तर ते गेलंच समजा. म्हणून वाफ्यावरचं रोप काढायच्या आधी पाणी देऊन माती मऊ करतात. ट्रेतल्या रोपाला हा त्रास कमी कारण कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा) गोळा मुळांसकट बाहेर येतो, पण तो कोरडा असेल तर बोटात फुटतो, तेव्हा ट्रे आधी भिजवलेला बरा.

साधारण 35-40 दिवसांचं रोप चांगलं. पाऊस लांबला किंवा रान तयार नाही म्हणून ट्रे पडून राहिले तर मुळं कप्प्यात गोल गोल फिरतात, असं रोप लागतं खरं पण पुढे बसून राहतं. आणि शिव्या नर्सरीवाल्याला! शेडनेटखालचं कोवळं रोप थेट उन्हात नेणं ही दुसरी चूक, शेवटचे 5-7 दिवस पाणी कमी करून आणि नेट बाजूला सारून ते कणखर करावं लागतं.

लावण उन्हं कलल्यावर करतात. मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरलेलं प्लास्टिक) असेल तर भोक ऐसपैस हवं, नाहीतर खोड तापलेल्या प्लास्टिकला टेकून भाजतं, आतली गरम हवाही तिथूनच वर येते. टोमॅटोला खोडावर नवी मुळं सहज फुटतात म्हणून तो खोल लावला तरी चालतो, मिरची मात्र ट्रेत होती तेवढीच खोल. मुळाशी माती हलकी दाबून लगेच पाणी, आणि 3-4 दिवसांनी आंबवणी, म्हणजे दुसरं हलकं पाणी. रोज भडाभडा पाणी सोडणाऱ्यांच्या रानात मर (रोपं वाळून मरण्याचा रोग) हमखास दिसते.

मेलेल्या जागी 8-10 दिवसांच्या आत नांग्या भरतात, म्हणजे दुसरी रोपं लावतात. त्यासाठी त्याच लॉटची थोडी रोपं ट्रेत शिल्लक ठेवतात, उशिरा आणलेलं रोप शेजारच्या झाडांच्या सावलीत दबून जातं.