सॅलडमधला टोमॅटो: बायकांची आवड ठरवली कुणी?

अमेरिकेतल्या कंट्री रेडिओवर, म्हणजे तिथल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेली ‘कंट्री’ गाणी लावणाऱ्या स्टेशनांवर, गायिका इतक्या कमी का ऐकू येतात, हा वाद दर दोन-चार वर्षांनी नव्याने पेटतो. स्टेशनवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं: ऐकणाऱ्या बहुतेक बायकाच, आणि त्यांनाच पुरुषांचे आवाज आवडतात, मग आम्ही काय करणार?

हे उत्तर सगळ्यात उघडपणे दिलं गेलं ते मे २०१५ मध्ये. रेडिओ व्यवसायातल्या एका वार्तापत्रात एका सल्लागाराची मुलाखत आली. रेटिंग हवं असेल तर गायिका काढा, असं त्याने सरळच सांगितलं. ऐकण्यातला ७० ते ७५ टक्के वाटा बायकांचा आणि बायकांना गायक आवडतात, हा त्याचा हिशेब. वर सॅलडची उपमा: गायक म्हणजे लेट्यूसची पानं, गायिका म्हणजे अधूनमधून टाकलेले टोमॅटो. प्रकरणाला ‘टोमॅटोगेट’ नाव पडलं. एका नामवंत गायिकेने ‘टोमॅटो’ आणि ‘टोमॅटो लव्हर’ छापलेले टी-शर्टच काढले.

चर्चा टोमॅटोभोवती फिरत राहिली. खरा गुंता ‘बायकांना आवडतं’ या दोन शब्दांत आहे.

रेडिओत ऐकणं मोजतात ते पाव तासांत. पाव तासातली पाच मिनिटं स्टेशन कानावर पडलं की तो पाव तास त्या स्टेशनच्या खात्यात जमा व्हायचा. आधी निवडक लोकांकडे आठवड्याची डायरी असायची, ते आठवून आठवून भरायचे. २००७ पासून मोठ्या शहरांत कमरेला अडकवायचं छोटं यंत्र आलं; प्रसारणात मिसळलेला, कानाला न कळणारा संकेत ते टिपतं. (या यंत्राच्या मोजणीत २०२५ पासून पाचऐवजी तीनच मिनिटं पुरतात.) दुकानात कुणीतरी लावून ठेवलेला रेडिओही त्यात मोजला जातो. म्हणजे ७५ टक्क्यांतून स्टेशन चालू होतं एवढं कळतं. कुठल्या गाण्याला बाई मान डोलावत होती, हे त्यात कुठेच नाही.

त्यासाठी दुसरी पद्धत: फोन करायचा, गाण्याचा ओळखीचा तुकडा ऐकवायचा, जेमतेम दहा सेकंदांचा, आणि विचारायचं, ओळखता का, आवडतं का, कंटाळा आलाय का. आता जे गाणं कधी वाजलंच नाही ते कुणी ओळखणार कसं? ओळखीचं नाही म्हणून गुण कमी, गुण कमी म्हणून वाजवायचं नाही, आणि वाजत नाही म्हणून पुढच्या फोनलाही अनोळखीच. या गोल फिरणाऱ्या हिशेबाला ‘संशोधन’ म्हणतात.

त्याला बळ आलं ते १९९६ च्या दूरसंचार कायद्याने. एका मालकाकडे देशभरात ४० च स्टेशनं, ही मर्यादा गेली आणि काही वर्षांत एकाच कंपनीकडे १,२०० च्या वर स्टेशनं जमली. गाण्यांच्या याद्या गावोगावी न ठरता वरून येऊ लागल्या आणि सल्लागारांचं वजन वाढलं. गंमत अशी की त्याच सुमारास, १९९७ मध्ये, एका कॅनेडियन गायिकेचा कंट्री-पॉप अल्बम निघाला आणि जगभर सुमारे ४ कोटी प्रती खपल्या. त्या काय सगळ्या पुरुषांनी घेतल्या?

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. १९५२ मध्ये एका गायकाने आपल्याला सोडून बारच्या झगमगाटात रमलेल्या बाईवर गाणं केलं. ते कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्याच चालीवर एका गायिकेने उत्तर दिलं की बायका बिघडतात त्याला अविवाहित असल्यासारखे वागणारे नवरे जबाबदार. एका मोठ्या रेडिओ नेटवर्कने ते गाणं लावायला नकार दिला, तरी ते पहिल्या क्रमांकावर गेलं. १९७५ मध्ये केंटकीच्या खाणकामगाराच्या मुलीने गर्भनिरोधक गोळीवर गाणं आणलं, तेही ध्वनिमुद्रण होऊन तीनेक वर्षं दाबून ठेवल्यावर. अनेक स्टेशनांनी ते लावलं नाही. कंट्रीच्या यादीत ते पाचव्या क्रमांकापर्यंत पोचलं. तेव्हा नकाराचं कारण निदान बोलून दाखवलं जायचं, गाणं अश्लील म्हणून. मार्च २००३ मध्ये इराक युद्धाच्या तोंडावर टेक्सासच्या तिघींच्या गटातली एक लंडनच्या मंचावर राष्ट्राध्यक्षांविरुद्ध बोलली आणि त्यांची गाणी कंट्री स्टेशनांवरून उतरली, तेव्हाही कारण उघड होतं. ‘बायकांनाच आवडत नाही’ हे कारण जास्त सोयीचं, कारण त्यात दोष ऐकणारीच्याच पदरात.

ओटावातल्या एका संशोधिकेने सर्वाधिक वाजलेल्या गाण्यांच्या वर्षअखेरच्या याद्या तपासल्या. २००० मध्ये कंट्री रेडिओवरच्या गाण्यांत गायिकांचा वाटा ३३.३ टक्के होता, २०१८ मध्ये ११.३.

जानेवारी २०२० मध्ये एका कंट्री वाहिनीने व्हिडिओंचा निम्मा वेळ गायिकांना द्यायचं जाहीर केलं. ते टीव्हीपुरतं. त्याच्या काही दिवस आधीच ट्विटरवर कुणीतरी गमतीने लिहिलं होतं, की एका स्टेशनने लागोपाठ दोन गायिका वाजवल्या, दंड तर होणार नाही? मिशिगनमधल्या एका स्टेशनने गंभीरपणे उत्तर दिलं: आम्हाला दोन गायिका पाठोपाठ वाजवता येत नाहीत, बाईचा आवाज असलेला मिश्र गटसुद्धा दुसऱ्या गायिकेला लागून चालत नाही, ज्यांनी वाजवल्या त्यांच्या धाडसाचं कौतुक. ते ट्विट नंतर काढून टाकण्यात आलं.