नाव होणं वेगळं, व्हायरल होणं वेगळं

दिवाळी झाली की आमच्याकडे, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि मंडईत हटकून एक वाक्य कानावर येतं: ‘अमक्याचा पोट्टा फेमस झाला बापा, दहा लाख व्ह्यूज आले त्याले.’ दहा लाख आले हे खरं असतं. फेमस झाला हे बहुतेक वेळा खरं नसतं. शिकलीसवरली माणसंसुद्धा ही गल्लत करतात, व्हायरल होणं म्हणजे जरा मोठ्या मापाची प्रसिद्धी असं धरून चालतात, आणि ते ऐकून ऐकून मी थकलो आहे.

प्रसिद्धी काय असते ते झाडीपट्टीतल्या माणसाला समजावून सांगायला नको. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्या, पोस्टरवर ओळीनं छापलेली नटांची नावं, उजाडेपर्यंत चालणारं नाटक आणि पुढच्या हंगामात मंडळाचा हट्ट, की तोच नट पाहिजे. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा दिल्लीला ते नाव नवं असेल. गडचिरोलीकडच्या गावांत ते कधीपासून घरातल्या माणसासारखं घेतलं जात होतं.

किरकोळ फरक आधी उरकतो. व्हायरल लवकर होतं, नाव व्हायला वर्षं लागतात. व्हायरलचे आकडे मोठे असतात. शहर-खेड्याचं अंतर तर २०१६ साली जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला तेव्हापासून फारसं उरलंच नाही. राहिला टिकण्याचा मुद्दा. ‘पंधरा मिनिटांची प्रसिद्धी’ हे अँडी वॉरहॉल या अमेरिकी चित्रकाराच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य प्रत्येक भाषणात येतं आणि मला ते अजिबात पटत नाही. गाजलेले नटही विस्मरणात जातात, आणि एखादी क्लिप पाच-पाच वर्षं मोबाइलमधून फिरत राहते. टिकण्या-न टिकण्यात हा फरक सापडणार नाही.

फिरतं काय, ते बघा. प्रसिद्धीत नाव पुढे जातं आणि काम त्याच्या मागून पोचतं. लोकांनी नाटक पाहिलेलं नसतं, नाव मात्र ऐकलेलं असतं. व्हायरलमध्ये तुकडा पुढे जातो आणि नाव गावातच राहून जातं.

आमच्या शेजारच्या गावात खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्याचे एक म्हातारे शाहीर आहेत. दोन वर्षांपूर्वी मंडईत त्यांच्या एका गाण्याचा सुरुवातीचा भाग कुणीतरी मोबाइलवर टिपला आणि टाकला. ध्रुपद आणि पहिलं कडवं, अर्धा मिनिटही नसेल. त्या आवाजावर पोरांनी ट्रॅक्टरचे रील केले, नवरदेवाच्या वरातीचे केले, कुणी धानाच्या चुरण्याचेही केले. मी शाहिरांना मोबाइल दाखवला. त्यांनी चष्मा वर सारला, डोळे बारीक करून ऐकलं आणि म्हणाले, ‘हा तं माहाच आवाज आहे ना!’ आवाज त्यांचाच होता. खाली मात्र ‘ओरिजिनल ऑडिओ’ असं लिहिलेलं आणि त्यापुढे ज्यानं पहिल्यांदा टाकला त्या पोराचं नाव.

त्या गाण्यात शाहिरांचं नाव नव्हतं असं नाही. होतं, पण शेवटच्या कडव्यात. नाममुद्रा, म्हणजे रचणाऱ्यानं गाण्यात गुंफलेलं आपलं नाव, आपल्याकडे तिथंच येते. तुकोबांच्या अभंगात ‘तुका म्हणे’ शेवटी. मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं भजन खंजिरीवर सुरू होतं आणि ‘तुकड्यादास म्हणे’ येतं तेव्हा संपत आलेलं असतं. १९५५ साली महाराज जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले तिथपर्यंत भजनही गेलं आणि भजनाच्या पोटात शिवलेलं नावही गेलं. गाणं पूर्ण ऐकणाऱ्याला ते कुणाचं हे विचारावं लागत नाही. रील नेमकं सुरुवातीचं तोडून घेतं, आणि ज्या ओळीत माणूस आहे ती ओळ मागे राहते.

दुसरी गोष्ट साक्षीदारांची. मंडईत हजार माणसांनी एकत्र गंमत पाहिली की सकाळी पानठेल्यावर त्याचीच चर्चा असते. मी पाहिलं हे तुला ठाऊक, तू पाहिलंस हे मला ठाऊक. त्या बोलण्यातूनच नाव तयार होतं. रील दाखवताना यंत्र एकेका माणसाला वेगळं निवडतं, त्याचा अंगठा कुठं किती वेळ थांबला त्यावरून. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांत एकच क्लिप पाहिली जाते आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. लाखभर लोकांनी पाहिलं, पण एकत्र कुणीच पाहिलं नाही.

‘आधुनिकोत्तर’, म्हणजे पोस्टमॉडर्न, हा शब्द आपल्याकडे ‘लय मॉडर्न’ अशा अर्थानं वापरतात, तसा कृपा करून वापरू नका. त्याचा अर्थ कळायला शाहिरांच्या गाण्यासारखं उदाहरण नाही. आधुनिकोत्तर काळाबद्दल बोद्रियार या फ्रेंच विचारवंतानं १९८१ साली मांडलं होतं, की प्रती इतक्या वाढतात की त्या कुठल्या मूळ गोष्टीच्या आहेत हा प्रश्नच उरत नाही. इथं तर प्रतीवरच ‘ओरिजिनल’ लिहिलेलं आहे, आणि ज्याचा आवाज तो माणूस दहा किलोमीटरवर धानाच्या बांधीत उभा आहे.

व्हायरल झालेल्याचं नाव कधीच होत नाही असं मी म्हणत नाही. जी पोरं सुरुवातीलाच आपलं नि गावाचं नाव घेतात, आपल्याच बोलीत, त्याच अंगणात, पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांचं होतं. जून २०२० च्या अखेरीस आपल्या देशात टिकटॉक बंद झालं तेव्हा हे उघड दिसलं. ज्यांचं नाव पाठ होतं त्यांना लोकांनी यूट्यूबवर शोधून काढलं. ज्यांचा फक्त तुकडा आवडला होता त्यांना शोधायला काय टाइप करणार?

शाहिरांनी यंदा नवं गाणं बांधलं आणि नाममुद्रा ध्रुपदातच घातली. मला ते कानाला खटकलं, तसं मी बोललोही. आधी गाणं ऐकावं, मग ते कुणाचं हे कळावं, ही रीत मला प्रिय आहे. ते डफ शेकत म्हणाले, ‘आखरीपर्यंत थांबते कोन आता?’ मंडईच्या रात्री मी थांबलो. शेवटचं कडवं रेकॉर्ड केलं, खाली त्यांचं नाव आणि गाव लिहिलं आणि तेवढंच टाकलं.