डिसेंबरात जन्मलेला गोली

डिचोलीत भात कापून झालं की मोकळ्या शेतात दगडांचे गोलपोस्ट उभे राहतात. माझा भाचा तिथला फुटबॉलचा गोली, म्हणजे गोलरक्षक. गेल्या वर्षी शाळेच्या १४ वर्षांखालच्या संघासाठी निवड झाली, त्यात तो बाद. सर म्हणाले, "मेहनती आहे हो, पण खेळ अंगातच असावा लागतो." निवडला गेलेला मुलगा त्याच्यापेक्षा वीतभर उंच, मिसरूड फुटलेला. त्याचा जन्म जानेवारीतला, भाच्याचा त्याच वर्षीच्या डिसेंबरातला.

वयोगटाची रेघ १ जानेवारीला मारली, की हे दोघे कागदावर एकाच वयाचे ठरतात. तेराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे थोडंथोडकं अंतर नव्हे. कॅनडात संशोधक रॉजर बार्नस्ली आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली आइस हॉकीच्या युवा खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी शेवटच्या तीन महिन्यांतल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. फुटबॉलमध्येही पुढे हेच दिसलं. निवड झालेल्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, सामने मिळतात, आणि दोन-तीन वर्षांत तो खरोखरच सरस होतो. मग सगळे म्हणतात, बघा, उपजतच होतं!

त्यात वयात येण्याची भर. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला, तर हाडांच्या वयात, म्हणजे हाडं किती पक्व झाली त्यावरून धरलेल्या वयात, तीन-चार वर्षांचाही फरक निघू शकतो. झपाट्याने उंची वाढते तेव्हा पाय आधी लांबतात, धड मागून येतं. मेंदूला जुन्या मापाची सवय असते, म्हणून काही महिने मुलगा अडखळतो, उडीचा अंदाज चुकतो. निवडचाचणी नेमकी त्याच महिन्यांत आली, तर गेला बिचारा.

मग मेहनत? तिथेही निसर्ग डोकावतोच. १९९० च्या दशकात संशोधक क्लोद बुशार यांच्या गटाने व्यायामाची सवय नसलेल्या ९८ कुटुंबांतल्या ४८१ जणांना २० आठवडे सायकलवर सारखाच व्यायाम दिला. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सरासरीने मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटर वाढली. पण काहींची जवळजवळ जागची हलली नाही, तर काहींची लिटरभराहून जास्त वाढली. या तफावतीचा जवळपास निम्मा भाग कुटुंबाशी जोडलेला होता. म्हणजे घाम गाळल्यावर किती फळ मिळणार, हेही काही अंशी जन्मासोबतच येतं. मात्र घाम गाळून पाहिल्याशिवाय ते कळायला मार्ग नाही, आणि चौदाव्या वर्षी घरी पाठवलेल्या मुलाला ती संधी कुठली?

इंग्लंडमधल्या काही फुटबॉल अकादमींनी आता मुलांना जन्मसालाऐवजी शारीरिक वाढीनुसार गटांत खेळवून पाहिलं आहे. आपल्याकडे निदान यादी लावताना जन्ममहिना बघायला पैसे पडत नाहीत.

भाचा अजून त्याच शेतात खेळतो. परवा साध्या चेंडूवर त्याची उडी फसली, गोल झाला, पोरं हसली. माझं लक्ष त्याच्या ट्रॅकपँटकडे गेलं. गणपतीत घेतलेली, आताच घोट्याच्या चार बोटं वर आली होती.