तळ्यातला मासा, ताटातला मासा : बंगालच्या मत्स्यशेतीची पार्श्वभूमी

बांगलादेशच्या सखल भागात घर बांधायचं तर आधी खड्डा खणावा लागतो. पावसाळ्यात शिवार पाण्याखाली जातं, म्हणून खणलेली माती एका जागी टाकून जोतं उंच करायचं आणि त्यावर घर उभं करायचं. मागे राहिलेल्या खड्ड्याचं तळं होतं. त्यात आंघोळी, भांडी, गुरं धुणं, आणि पुराबरोबर जे मासे येतील ते धरून खाणं. मत्स्यशेतीने गरीब देशांतली भूक आणि दारिद्र्य कमी झाल्याच्या ज्या कथा आज सांगितल्या जातात, त्यांतल्या कितीतरी या घरामागच्या खड्ड्यातून निघालेल्या आहेत. कथा खऱ्या आहेत. मात्र ‘भूक आणि दारिद्र्य’ असं एका दमात म्हणायची सवय लागली की एक गोष्ट नजरेआड होते. तळ्यातला मासा वाढवायचा कसा हे कळल्यानंतरही, तो घरात कोणाच्या ताटात पडतो हे विचारायला बरीच वर्षं गेली.

सुरुवातीची अडचण बियाण्याची होती. कटला, रोहू, मृगळ हे बंगालचे लाडके मासे तळ्यात उत्तम वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं चढतं, वाहतं पाणी लागतं. त्यामुळे तळ्यात मासे पाळायची रीत जुनी असली तरी दर वर्षी बीज नदीतूनच आणावं लागे. पहिल्या पुरांच्या वेळी गंगा-पद्मेच्या काठी बारीक जाळी लावून माणसं बसत आणि जिऱ्याएवढी पिल्लं गोळा करत. चट्टग्रामजवळच्या (चितगाव) हालदा नदीत कार्प माशांची, म्हणजे रोहू-कटलाच्या कुळातल्या माशांची, अंडी आजही अशी गोळा होतात. हे बीज हंडीत भरून बैलगाडीने, रेल्वेने गावोगाव जाई. पिल्लांना हवा मिळावी म्हणून हंडीवाला वाटभर हाताने पाणी हलवत राही. एवढं करून त्या हंडीत रोहू किती आणि रोहूला खाणारे मासे किती, हे पिल्लं बोटभर झाल्यावरच समजायचं. पाऊस हुकला तर बीजही हुकलं. ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याने असल्या जुगारात का पडावं?

१९४३चा दुष्काळ बंगालने लाखो माणसं गमावून पाहिला होता. १९४७मध्ये गोड्या पाण्यातल्या माशांच्या संशोधनासाठी कोलकाता परिसरात केंद्र निघालं आणि पुढे त्याचा तळ्यांवर काम करणारा विभाग कटकला आला. तिथे मत्स्यशास्त्रज्ञ हीरालाल चौधुरी होते. जन्म १९२१चा, सिल्हेटकडचा. माशाच्या मेंदूखाली मटाराहून बारीक अशी पियूष ग्रंथी असते. तिचा अर्क टोचून माशांना अंडी घालायला लावता येतं, हे ब्राझीलमध्ये १९३०च्या दशकातच दिसून आलं होतं. चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आपल्या माशांवर बसवलं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे तो प्रयोग कार्प माशांवर यशस्वी झाला. आपल्याकडे १० जुलैला मत्स्य शेतकरी दिन पाळतात तो यामुळे.

या तंत्राची खरी खुबी त्याच्या साधेपणात आहे. ग्रंथी काढायची, स्पिरिटमध्ये राखायची, खलात घोटायची, सुईने टोचायची, आणि नर-मादी हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी पेटीत, सोडायचे. काही तासांत अंडी. यंत्रसामग्री अशी काही नाही, शाळा अर्धवट सोडलेला पोरगाही एका हंगामात शिकून घेतो. तसंच झालं. पश्चिम बंगालमध्ये नैहाटी आणि पलीकडे बांगलादेशात जशोर इथे मत्स्यबीजाचे बाजार उभे राहिले. अ‍ॅल्युमिनियमची पातेली सायकलला बांधून बीज विकणारे दारोदार फिरू लागले. माझ्या मते सगळ्या इतिहासात गरिबाच्या हाताला सर्वात जास्त काम या साखळीने दिलं. सरकारी अहवालांत मात्र तळ्याच्या मालकाला जेवढी जागा मिळते तेवढी पातेलंवाल्याला मिळत नाही.

बीज हाताशी आलं तेव्हा लक्ष उत्पादनाकडे वळलं. १९५९मध्ये चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) हे परदेशी मासे भारतात आणले गेले. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, आधीच आला होता. १९७१मध्ये मिश्र मत्स्यशेतीचा देशव्यापी संशोधन प्रकल्प सुरू झाला. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, गवत्या गवत खातो, म्हणजे एकाच पाण्यात सहा जातींची पंगत बसते आणि कोणी कोणाच्या पानात हात घालत नाही. जिथे हेक्टरी काहीशे किलो निघत तिथे प्रयोगांत तीन हजार किलोंच्या पुढे मासे निघाले. १९७३-७४पासून मत्स्यशेतकरी विकास संस्थांमार्फत भाडेपट्ट्याने तळी, बँकेचं कर्ज आणि प्रशिक्षण मिळू लागलं.

याच शिफारशींत एक कलम होतं, ज्याकडे तेव्हा कोणी संशयाने पाहिलं नाही. बीज सोडण्याआधी तळ्यात विष घालून आधीचे सगळे मासे मारून टाकायचे. त्यांतले काही शिकारी होते, त्यांचं ठीक. पण बाकीची बारीक मासळी ‘तण’ म्हणून गेली.

आता बांगलादेशाकडे. १९६०च्या दशकापासून तिथे पूर अडवायला बांध घातले जात होते. भाताला त्याचा फायदा झाला, पण पुराबरोबर शेतात शिरणाऱ्या माशांची वाट बंद झाली. भूमिहीनाला फुकट मिळणारं कालवण तेच होतं. १९७४च्या दुष्काळानंतर स्वयंसेवी संस्था आणि कर्ज देणाऱ्या संस्था गावांत शिरल्या होत्याच. १९८०च्या दशकात तिथे मोदादुगु विजय गुप्ता पोचले. ते आंध्रच्या बापटलाचे, भारतातल्या मिश्र मत्स्यशेतीच्या कामात तयार झालेले. त्यांची नजर मोठ्या तळ्यांऐवजी रस्त्याकडेच्या डबक्यांवर आणि घरामागच्या, वर्षातून चार-सहा महिनेच पाणी धरणाऱ्या खड्ड्यांवर गेली. जलपर्णीने भरलेली, डास पोसणारी ही जागा. तिथे रोहूला वाढायला पुरेसा वेळ नाही. मग तीन-चार महिन्यांत खाण्याजोगे होणारे थाई सरपुंटी आणि तिलापिया सोडले, खाद्य म्हणून भाताचा कोंडा, शेण आणि स्वयंपाकघरातलं उष्टंखरकटं. उंबऱ्याबाहेर पडायची मुभा नसलेल्या बाईला हे काम करता येत होतं, कारण खड्डा घरालगतच होता. या कामासाठी गुप्तांना २००५चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

अडचणी पाण्यापेक्षा माणसांच्याच जास्त होत्या. वारसाहक्काने एका तळ्याचे पाच-सहा भाऊबंद मालक, मग खर्च कोणी करायचा? भांडण झालं की रात्रीतून तळ्यात विष. भूमिहीनांच्या गटांनी पट्ट्याने तळी घेऊन ती फायद्यात आणली, की अनेक ठिकाणी मालकाला ती स्वतःसाठी हवीशी वाटू लागली. मुदत संपली, पट्टा संपला. तळं नसलेल्यासाठी तळ्याची योजना आखताना हा पेच आजही सुटलेला नाही.

आफ्रिकेत अडचण नेमकी उलटी होती. बेल्जियन काँगोत दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहत सरकारने हजारो तळी खोदून घेतली आणि त्यांत तिलापिया सोडला. तो बीजासाठी कोणाची वाट बघत नाही. लहान वयात, साचलेल्या पाण्यात, पुन्हा पुन्हा विणतो, आणि थोड्या दिवसांत तळं बोटभर खुरट्या माशांनी भरून जातं. उजनीकाठी ज्याला चिलापी म्हणतात तो याच कुळातला, १९५२मध्ये भारतात आला. काँगो १९६०मध्ये स्वतंत्र झाला, देखरेख संपली, आणि बहुतेक तळी ओस पडली. नंतरही परदेशी मदतीचे प्रकल्प आले की तळी खोदली जायची, मदत आटली की गाळ भरायचा. बीज विकणारा, खाद्य विकणारा, मासे उचलणारा व्यापारी, ही साखळी मागे उभीच राहिली नव्हती. १९८८मध्ये फिलिपिन्समध्ये तिलापियाची जात सुधारायचं काम सुरू झालं, त्यासाठी इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगलमधून मूळ मासे नेले. त्यातून वाढलेली जलद वाढीची जात आधी आशियाच्या तळ्यांत पसरली. २०२२मध्ये जगात पाळलेल्या जलचरांचं उत्पादन पकडलेल्यांच्या पुढे पहिल्यांदाच गेलं, त्यातला सुमारे नव्वद टक्के वाटा आशियाचा आहे.

बांगलादेशात पुढचं वळण बाजाराने दिलं. १९९०मध्ये थायलंडहून पंगास हा मासा आला आणि काही वर्षांत तिथल्याच बीजकेंद्रांत त्याची पैदास होऊ लागली. मयमनसिंह भागात भातखाचरं खणून त्यांची तळी झाली, गोळी खाद्याचे कारखाने निघाले. हा धंदा गरिबाचा नव्हे, त्याला भांडवल लागतं. तरी गरिबाला त्याचा लाभ झाला, आणि तो दोन बाजूंनी: तळी खोदणं, जाळं ओढणं, मासे चढवणं-उतरवणं अशी मजुरी, आणि शहरातल्या कामगाराला परवडेल असा मासा. लहान तळ्यांच्या योजनांनी जे साधायचं ठरवलं होतं, त्यातलं बरंचसं मोठ्या तळ्यांनी न ठरवता साधलं, हे मान्य करणं योजना आखणाऱ्यांना जरा जड जातं.

एवढ्यावर थांबलं तर कथा गोड शेवटाची झाली असती. शकुंतला थिलस्टेड यांचा जन्म त्रिनिदादमधला, भारतीय वंशाच्या कुटुंबातला. पोषणतज्ज्ञ म्हणून १९८०च्या दशकात त्या बांगलादेशात कुपोषित मुलांवर काम करत होत्या. बारीक मासे डोळ्यांना चांगले, असं गावातल्या बायका त्यांना सांगत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ते मासे तपासले. मोला नावाच्या बोटभर माशात रोहू किंवा चंदेऱ्याच्या कितीतरी पट अ जीवनसत्त्व निघालं, तेही मुख्यतः डोळ्यांत आणि आतड्यात. डोकं कापून, पोट साफ करून शिजवला तर ते निघून जातं. काट्यासकट खाल्ला तर कॅल्शियमही मिळतं. तण म्हणून विष घालून मारत होते ते हेच.

स्वयंपाकघराचा हिशेबही यात आहे. मोठ्या रोहूचं डोकं जावयाला, चांगला तुकडा कर्त्या पुरुषाला, उरलंसुरलं घरच्या बायकांना. बारीक मासळीची भाजी मात्र पळीने वाढली जाते, सगळ्यांच्या पानात थोडी थोडी पडते. शिवाय मोठा मासा बाजारात पैसे देतो म्हणून तो विकलाच जातो. मोला तळ्यातच विणतो, बीज विकत आणावं लागत नाही, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी लहान जाळ्याने थोडा थोडा काढून खाता येतो. कार्पबरोबर तो ठेवला तरी कार्पचं उत्पादन फारसं घटत नाही, हे प्रयोगांत दिसलं. थिलस्टेड यांना २०२१चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

२०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने घरखर्चाच्या पाहण्यांची आकडेवारी तपासली. १९९१ ते २०१० या काळात बांगलादेशात माशांचं सेवन तीस टक्क्यांनी वाढलं होतं, पण माशातून मिळणारं लोह आणि कॅल्शियम घटलं होतं. रानमासळीची जागा पाळलेल्या माशाने घेतली, ताट भरलं, पण त्यातला कस उतरला.

आपल्याकडे पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांत (जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या) मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या सहकारी संस्था पट्ट्याने तलाव घेऊन कटला, रोहू, मृगळचं बीज सोडतात. तिथेही पट्ट्याची रक्कम भरायची तर मोठा, विकला जाणारा मासाच हवा असतो, आणि तलावातली जुनी, बारीक मासळी कोणाच्याच हिशेबात धरली जात नाही. ओडिशाने २०१८पासून ग्रामपंचायतींची तळी महिला बचत गटांना पट्ट्याने द्यायला सुरुवात केली, आणि त्यांतल्या काही तळ्यांत कार्पबरोबर मोला ठेवला जात आहे.