रक्तातून घडलेली नक्षी

एकोणिसाव्या शतकातलं युरोपियन फर्निचर म्हटलं, की त्यावरचं प्रत्येक पान-फूल कारागिराने पटाशीनेच कोरलेलं असणार, असं आपण धरून चालतो. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत तर 'हस्तकोरीव' हा शब्द सर्रास भेटतो. पण थॉमस जॉर्डनने १८४५ मध्ये पेटंट घेतलेल्या कोरीवकाम-यंत्राचा लंडनच्या पार्लमेंटच्या इमारतीतल्या नक्षीसाठी भरपूर वापर झाला. यंत्र ढोबळ आकार काढायचं आणि कारागीर त्यावर शेवटचा हात फिरवायचे.

पॅरिसमध्ये तर कोरण्याचीच गरज उरली नाही. फ्रांस्वा शार्ल लपाज याने १८५५ मध्ये 'बोआ द्युर्सी' या पदार्थाचं पेटंट घेतलं. शिसवी, एबनी अशा लाकडांचा बारीक भुसा रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनात कालवायचा, वाळवायचा, आणि पोलादी साच्यात तापवून प्रचंड दाबाखाली दाबायचा. रक्त ऐकून कुणाला जादूटोणा आठवेल, पण इथे सगळं काम प्रथिनाचं आहे.

अल्ब्युमिनचा रेणू म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, घट्ट घडी घातलेली. ती घडी मुख्यतः नाजूक बंधांवर टिकते. उष्णतेने ते सुटतात, साखळ्या उलगडतात आणि शेजारच्या साखळ्यांत गुंततात. त्यांच्यातले गंधकाचे अणूही एकमेकांशी नवे, पक्के बंध जोडतात. अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं आणि पुन्हा पातळ होत नाही, ते याच कारणाने. साच्यात हे जाळं भुशाच्या कणाकणाला धरून बसतं, आणि दाबामुळे मधली हवा निघून जाते.

यातली खरी गंमत लाकडाच्या रेषांची आहे. खऱ्या लाकडातले सेल्युलोजचे धागे बहुतांशी खोडाच्या उभ्या दिशेने असतात. म्हणून लाकूड सुकताना आडवं बरंच आक्रसतं, उभं जवळजवळ नाही, आणि नाजूक कोरीव भागाला तडा जातो. भुशात धागे कुठल्याही दिशेला विखुरलेले! त्यामुळे एकाच दिशेने आक्रसून तडा जाण्याची भीती कमी, आणि भुसा बारीक असल्याने चेहऱ्यावरचे केससुद्धा साच्यातून स्पष्ट उमटत. राजेराण्यांचे चेहरे असलेली अशी काळी गोल पदकं बनवून ती कपाटांवर, पेट्यांवर बसवली जात.

असा तुकडा हाती आला, तर भिंगाखाली लाकडाच्या रेषा शोधा. त्या नसतील आणि मागे 'बोआ द्युर्सी' असा ठसा असेल, तर तो साच्यातलाच. पाण्याने धुवायला मात्र जाऊ नका.