नजर तेज की अंदाज पक्का?

बेब रूथ हा बेसबॉलमधला त्या काळचा सर्वांत मोठा फटकेबाज. १९२१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याच्या चाचण्या झाल्या. याचे डोळे, कान आणि हात सामान्य माणसापेक्षा जलद चालतात, असा निकाल एका मासिकाने छापला. लोकांना तेच ऐकायचं होतं. ‘त्याला चेंडू लवकर दिसतो’ हे क्रिकेटमधलं कौतुकही त्याच समजुतीचं, आणि समालोचक ते आजही बिनदिक्कत करतात.

या समजुतीला जोराचा धक्का दिला तो ऑक्सफर्डच्या पीटर मॅक्लाउड यांनी, १९८७ मध्ये. त्यांनी मॅटिंगखाली लाकडी पट्ट्या ठेवल्या आणि मशिनने चेंडू टाकले. टप्पा पडल्यावर चेंडू कुठे वळेल, याचा काही नेम नव्हता. समोर आंतरराष्ट्रीय दर्जाचे फलंदाज होते. वळलेल्या चेंडूप्रमाणे बॅट फिरवायला त्यांना सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागला. प्रयोगशाळेत दिवा लागताच बटण दाबणाऱ्या कुणाही माणसाला लागतो तेवढाच! ताशी १४० किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. मग हे लोक खेळतात कसे?

उत्तराचा माग बुद्धिबळात आधीच लागलेला होता. नेदरलँड्सच्या आड्रियान द ग्रूट यांनी १९४० च्या दशकात, आणि पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांनी, खेळाडूंना पट काही सेकंदच दाखवून मांडणी आठवायला सांगितली. खऱ्या डावातली मांडणी मास्टर जवळजवळ जशीच्या तशी लावत. सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या, की त्यांची आघाडी जवळपास संपे. म्हणजे स्मरणशक्ती अचाट नव्हती, डाव ओळखीचा होता.

मैदानावर हीच कल्पना आली ती फिल्म कापण्याच्या युक्तीतून. सर्व्हिस किंवा फटक्याचं चित्रण ऐन क्षणी थांबवायचं आणि विचारायचं, आता कुठे जाईल? ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस अॅबरनेथी यांनी १९८० च्या दशकात बॅडमिंटनवर असे प्रयोग केले. नवखे खेळाडू रॅकेटवरून अंदाज बांधत. मुरलेल्यांना त्याआधी हाताच्या हालचालीतूनच सुगावा लागे. २००० साली मायकेल लँड आणि मॅक्लाउड यांनी फलंदाजांच्या डोक्याला कॅमेरा बसवला, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. फलंदाज चेंडू सुटताना पाहतो, मग नजर टप्पा पडेल तिथे आधीच नेऊन ठेवतो. ‘शेवटपर्यंत चेंडूवर नजर ठेव’ हा नेट्समधला सल्ला शब्दशः कुणी पाळतच नाही.

मोठ्या खेळाडूंना हे प्रयोगाविना ठाऊक होतं. न्यूझीलंडविरुद्धच्या मोहाली कसोटीत ख्रिस केर्न्स चेंडूची चकाकी लपवून रिव्हर्स स्विंग करत होता. चकाकी कुठल्या बाजूला आहे, यावरून चेंडू कुठे वळेल ते कळतं. सचिन तेंडुलकरने सांगितलेला किस्सा असा, की त्याने समोरच्या टोकाला उभ्या राहुल द्रविडला चकाकी पाहायला लावलं. त्या बाजूप्रमाणे द्रविडने बॅट या किंवा त्या हातात धरायची, एवढीच खूण.

याच सुमारास दुसरीकडे तासांचा हिशेब गाजू लागला होता. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास मांडला. सर्वोत्तम गटाचा विशीपर्यंतचा एकट्याने केलेला सराव सरासरी १० हजार तासांच्या घरात होता. सरासरीच ती, पण पुढे तिचा सरसकट नियम झाला. एरिक्सन यांचा भर कच्च्या जागा हेरून त्यांवर घाम गाळण्यावर होता. लोकांनी तेवढा आकडा उचलला. २०१६ च्या एका एकत्रित विश्लेषणात खेळाडूंच्या कामगिरीतल्या फरकापैकी अशा सरावाने १८ टक्केच फरक उलगडला, अव्वल पातळीवर तर जेमतेम १ टक्का. तिथे सगळेच घासूनपुसून आलेले असतात, हेही खरं.

आजचा वाद बोलिंग मशिनवर येऊन ठेपला आहे. मशिनला ना रन-अप, ना मनगट. गोलंदाजासमोर आणि मशिनसमोर फलंदाजाच्या पावलांचं आणि बॅटचं टायमिंग वेगवेगळं पडतं, असं युवा फलंदाजांवरच्या अभ्यासात २००९ मध्येच दिसलं होतं. तरीही मशिन सुटत नाही, कारण दिवसभर न थकता टाकणारा दुसरा गोलंदाज आणायचा कुठून?